जैबुनबीची दाढ आणि पाठमोरा बाक

जैबुनबीची खालची डावी दाढ १९६१ साली दुखू लागली. त्याच वर्षी आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात दातांची खुर्ची आली. जैबुनबी त्याच दवाखान्यात आया. रोज सकाळी ती एका हातानं खुर्ची पुसायची आणि दुसऱ्या हातानं गाल दाबून धरायची. दुखणं आणि इलाज यांच्यात दोन पावलांचं अंतर होतं. ती दोन पावलं चालायला तिला चार वर्षं पुरली नाहीत.

दारव्ह्याहून आर्णीकडं जाताना मधे कुठंतरी आमचं गाव लागतं. नाव सांगत नाही. सांगितलं, तर पुढच्या तापाला जैबुनबी माझ्या तोंडात थर्मामीटर न धुता घालील.

आधी खुर्चीविषयी. दातांची खुर्ची मिळावी असा अर्ज गावानं १९५६ च्या उन्हाळ्यात केला. तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो. अर्जाची शाई वाळते न वाळते तोच नोव्हेंबरात आम्ही मुंबई राज्यात गेलो, आणि अर्ज मागं राहिला. दुसरा अर्ज केला. त्यावर तीन वर्षं विचार चालू होता, तेवढ्यात साठ साली महाराष्ट्र झाला. गाव जागचं हललं नाही, नदी हलली नाही, दुखणारे दात तेवढे हलू लागले. शेवटी एकसष्ट साली बैलगाडीतून खुर्ची आली. लोखंडी, पांढरी, हातांवर काळं रेक्झिन, डोकं टेकायला दोन गोल उशा. पाहायला सारा गाव लोटला. तांड्याचे भीमसिंग नाईक तिला नमस्कार करून गेले.

खुर्ची बसवायला आला कंत्राटदाराचा माणूस. त्यानं विचार केला, मोठे साहेब पाहणीला येतील ते दारातून येतील, आणि दारातून पाहिल्यावर त्यांना खुर्चीची पाठ दिसली तर बिल कोण मंजूर करणार? म्हणून त्यानं खुर्ची दाराकडं तोंड करून बसवली आणि चारी पाय सिमेंटात गाडून टाकले. पाया एवढा पक्का, की उद्या दवाखाना पडला तरी खुर्ची उभी राहील.

दाराबाहेर व्हरांडा. व्हरांड्यात एक लांब बाक, पाठीला फळ्या असलेला. खुर्चीत बसून तोंड उघडलं, की थेट बाकावरच्या माणसांच्या तोंडासमोर. आणि बाक कधी रिकामा नसे. आमच्याकडं बाकावरची जागा म्हणजे नंबर. जो उठला त्याचा नंबर गेला. त्यामुळं महिन्याच्या पहिल्या मंगळवारी यवतमाळहून एसटीनं दातांचे डॉक्टर आले, की सकाळपासून धरलेली जागा कुणी मरणाच्या बोलावण्यावरही सोडत नसे. ज्यांचे दात दुखत नसत तेही येऊन बसत. आमच्या गावात करमणूक कमी. दुसऱ्याची दाढ निघताना बघणं हा त्या काळचा महिन्यातला एकुलता एक खेळ होता, आणि त्याला तिकीट नव्हतं.

आता जैबुनबीविषयी. तिचा नवरा वाहिद बांगड्या विकायचा. खाचरात बांगड्यांच्या पेट्या आणि पेट्यांवर जैबुनबी, असे दोघं बाजारोबाजार फिरले. पंचक्रोशीतल्या बायांचे हात तिनं आपल्या हातात धरले होते. बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या बायांशी त्यांच्या बोलीत बोलायची, डोंगरातून उतरणाऱ्या कोलाम बायांशी कामापुरतं बोलायची, ब्राह्मणगल्लीत गेली की शुद्ध बोलायचा प्रयत्न करून सगळ्यांना हसवायची. वाहिद गेल्यावर ती दवाखान्यात लागली आणि मोठे दीर रहमतभाई यांच्या घरी राहू लागली. रहमतभाई सायकली आणि तेलाची इंजिनं दुरुस्त करत. लग्नापासूनच्या बावीस वर्षांत तिनं त्यांच्यासमोर तोंड उघडं केलं नव्हतं आणि त्यांच्याशी एक शब्द थेट बोलली नव्हती. बोलायचं ते मधे कुणाला तरी उभं करून. कुणीच नसलं तर बकरीला उद्देशून.

या रहमतभाईंना पानाचा भारी शौक. त्यांचे दात एकामागून एक राजीनामा देत होते. त्यामुळं दर पहिल्या मंगळवारी बाकावर पहिली जागा त्यांची. म्हणजे जैबुनबीनं खुर्चीत बसून तोंड उघडायचं म्हटलं, तर समोर बरोब्बर मोठे दीर. यवतमाळला जावं, तर एक दिवसाची रजा आणि सोबतीला घरचा माणूस लागे. दोन्ही एकाच दिवशी कधी मिळाले नाहीत. म्हणून ती दाढेत लवंग धरायची आणि कामाला लागायची.

तिची एकटीची गोष्ट असती तर तिनं सोसली असती. पण ज्या बायांना ती आणायची, त्याही खुर्चीपर्यंत येऊन परत जायच्या. बासष्टच्या पावसाळ्यात तांड्यावरून सुखीबाई आली. गाल सुजून एवढा झालेला, की एक डोळा मिटून गेला होता. सोबत सासरे भीमसिंग नाईक. सून खुर्चीत बसली, नाईक बाकावर बसले, आणि सुखीबाईनं घुंगट खाली ओढला तो थेट हनुवटीपर्यंत.

डॉक्टर श्रीकृष्णराव माणूस वाईट नव्हते, पण परतीच्या एसटीवर त्यांचं फार लक्ष. म्हणाले, "पदर वर घ्या, बाई."

सुखीबाईनं घुंगट दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"डॉक्टरसाहेब, समोर तिचा सासरा बसला हाय," जैबुनबी म्हणाली.

"मग मी काय करू? पदराच्या आत शिरून दाढ काढू?"

बाकावरून नाईकांनी मोठ्या मनानं हाक दिली, "उघड व पोरी, डागदर म्हणते तं! मी कायी म्हणत नाही!"

पण सासऱ्यानं परवानगी दिली म्हणून सासरा नाहीसा होत नाही. सुखीबाई उठली आणि चार मैल चिखल तुडवत आली तशी गेली. जैबुनबी तिच्यामागं वेशीपर्यंत गेली. "याडी, थांब ना," अशी तांड्याच्या बोलीत आई म्हणून हाक घालत राहिली. सुखीबाई थांबली नाही.

परत येऊन जैबुनबीनं आपली जुनी ओढणी दाराला बांधली. डॉक्टरांनी दोन मिनिटांत सोडायला लावली. उजेड येण्याचा मार्ग ते एकच दार होतं. "अंधारात भलतीच दाढ निघाली तर कोण जबाबदार?" हेही खोटं नव्हतं. माणसांना अंगणात जा म्हटलं तर नंबर जाणार, ते हलेनात.

तेव्हा तिनं नीळकंठरावांना गाठलं. नीळकंठराव म्हणजे आमचे कंपाउंडर, आणि कारकुनाची जागा रिकामी असल्यामुळं कारकूनही. अक्षर मोत्यासारखं. त्यांनी लिहिलेला अर्ज वाचून दुखणं विसरायला होई.

"लिव्हा, नीळकंठभाऊ. खुर्ची फिरवून द्या म्हणा."

"असं लिहीत नसतात, जैबुनबी. 'सदरहू खुर्चीचे मुख विरुद्ध दिशेस करणेबाबत' असं लिहितात."

"तसं लिव्हा. पण फिरली पाह्यजे."

पाच महिन्यांनी उत्तर आलं. "खुर्ची सुस्थितीत आहे काय? असल्यास फिरविण्याचे प्रयोजन नाही. नसल्यास दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवावा."

दुसरा अर्ज गेला. त्यावर उत्तर : "स्त्री रुग्ण तोंड का उघडत नाहीत, याचा खुलासा करावा."

"लिव्हा," जैबुनबी म्हणाली, "घरी उघडतात."

नीळकंठरावांनी ते लिहिलं नाही. हसले मात्र पुष्कळ. आणि त्यांना हसायला काय जात होतं? डॉक्टर काम आटोपलं की चहाला त्यांच्याच घरी जात. बरोबर लहान बॅग असे. चहा झाला की मागच्या पडवीत त्यांच्या बायकोची, कुंदावहिनींची, दाढ भरून देत, शेजारच्या रजनीताईंच्या दातांवरचं कीटण काढून देत. मास्तरांच्या, वकिलांच्या, तहसिलीतल्या घरच्या बायांचे दात असे चहाबरोबर नीट होऊन गेले. त्यांत कुणाचं काही पाप नव्हतं. आग्रहाचा चहा आणि ओळखीचं घर, एवढंच. पण जैबुनबीनं एक दिवस ते नीळकंठरावांना ऐकवलंच : "कुंदाबाईच्या दाढेले चहा, अन् आमच्या दाढेले लवंग. सरकार तं दोघींचं एकच हाय ना, भाऊ?"

नीळकंठराव खाली मान घालून गोळ्या मोजू लागले. सत्तेचाळीसपर्यंत मोजल्या आणि परत पहिल्यापासून.

आणि मग चौसष्टच्या आरंभी ते पत्र आलं. वार्षिक तक्त्यात नीळकंठरावांनी तीन वर्षं प्रामाणिकपणे भरलं होतं : 'दंतविभाग, स्त्री रुग्ण : निरंक.' वरच्या कचेरीत कुणीतरी ते वाचलं, आणि वाचून खूश झालं. पत्रात लिहिलं होतं : "आपल्या केंद्राच्या क्षेत्रातील स्त्रियांचे दात अत्यंत निरोगी असल्याचे दिसून येते. ज्वारीची भाकरी व कडुनिंबाची काडी यांचा हा परिणाम असावा. अभिनंदन. गरज नसल्यास दंतवैद्याची मासिक भेट अन्यत्र वळविण्याचा विचार करता येईल."

नीळकंठरावांनी ते मोठ्यानं वाचलं. जैबुनबीचा गाल त्या दिवशी लिंबाएवढा सुजला होता.

"काय म्हणते ते? निरोगी?"

"असं दिसून येतं, असं म्हणतात."

"त्यायले कुठून दिसून येते, भाऊ? आम्ही तं तोंडच नाही उघडलं!"

ती व्हरांड्यात गेली. खुर्चीकडं पाहिलं, बाकाकडं पाहिलं, पुन्हा खुर्चीकडं पाहिलं. तीन वर्षं सगळ्यांचं डोकं त्या खुर्चीवर आपटत होतं. अर्ज खुर्चीवर, खुलासे खुर्चीवर. खुर्ची सिमेंटात होती. बाक मात्र चार लाकडी पायांवर मोकळा उभा होता.

"भाऊ, तिकडून धरा जरा."

"काय?"

"बाक धरा म्हणते. फिरवू."

नीळकंठरावांना सरकारी बाकाला लेखी आदेशाशिवाय हात लावायचा नव्हता. पण कुंदावहिनींची पडवी त्यांना आठवली असावी. त्यांनी दुसरं टोक धरलं. बाक फिरला. आता जो बाकावर बसेल त्याची खुर्चीकडं पाठ आणि तोंड अंगणाकडं, रस्त्याकडं.

मंगळवारी एकच गोंधळ. आधी आले भीमसिंग नाईक, सुखीबाईला घेऊन. तिची सूज दोन वर्षांत कितीदा उतरली, चढली, फुटली, याची गणती नव्हती. बाक पाहून नाईक रागानं लाल झाले.

"हे काय होय? मी तांड्याचा नाईक, अन् डागदराकडं पाठ करून बसू?"

"नाईकबाप्पा, तिकडं काय पाह्यत होते तुम्ही इतके दिवस?" जैबुनबी म्हणाली. "लोकायचे सडके दात! आता इकडं पाहा. सारा रस्ता तुमच्यासमोरून जाते. जो जाईन तो तुम्हाले रामराम करूनच जाईन. खुर्चीकडं तोंड होतं तवा कोणी केला होता रामराम?"

नाईकांनी विचार केला. बसले. पहिल्या पाच मिनिटांत त्यांना तीन रामराम मिळाले, आणि त्यांनी बाकाचं कडेचं टोक धरून ठेवलं ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. त्यांच्या शेजारी रहमतभाई पान चघळत बसले. त्यांच्या पलीकडं तहसिलीतले बबनराव. पायरीवर नेहमीसारखा एक कोलाम म्हातारा बायकोला घेऊन बसला होता. त्याला बाकावर बसा म्हणायचं आजवर कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. जैबुनबीनं बबनरावांना सरकायला लावून त्याला वर बसवलं. बबनरावांनी नाक मुरडलं; पण समोर रस्ता होता, जाणारे येणारे पाहत होते, आणि पाठ वळवावी तर मागं बायका होत्या. मुरडलेलं नाक तसंच घेऊन बसले.

आत सुखीबाईनं घुंगट वर केला. दोन वर्षांची दाढ डॉक्टरांनी चार मिनिटांत काढली. तिनं ती मुठीत धरली, आणि बाहेर येताना घुंगटाआडून जैबुनबीचा हात जो दाबला, तो बांगड्या भरतानासुद्धा कुणी एवढा दाबला नव्हता.

त्या दिवशी अकरा बाया झाल्या. तांड्यावरच्या चार, मोहल्ल्यातल्या अकीला आणि आयशाबी धरून पाच, कोलाम म्हातारी एक, आणि न्हाव्याच्या घरची एक. पुढच्या महिन्यात सोळा. त्याच्या पुढच्या महिन्यात एकोणीस. जैबुनबी प्रत्येक वेळी आपला नंबर शेवटी लावायची, आणि शेवटपर्यंत कुणी ना कुणी लांबून आलेली निघायचीच. "तिले चार कोस जायाचं हाय. मी तं इथंच हाव." डॉक्टरांची एसटी जायची, जैबुनबीची दाढ राहायची.

सहाव्या महिन्यात पाऊस आला, नदीला पूर आला, लांबच्या बाया येऊ शकल्या नाहीत. अकरा वाजता जैबुनबीचा नंबर आला. तिनं हात धुतले, खुर्ची पुसली, जणू दुसरं कुणी बसणार होतं, आणि मग स्वतः बसली. बाकावर नाईक, रहमतभाई, बबनराव, सगळ्यांच्या पाठी. रहमतभाईंच्या पाठीवर तेलाचा डाग होता, तोही तिला निवांत दिसला. तिनं ओढणी सोडली. तोंड उघडलं.

"एवढी किडली?" डॉक्टर म्हणाले. "एवढी वर्षं तुम्ही हिच्यासह काम केलंत? आ करा. अजून मोठा."

त्यांनी बोट आत घातलं, दाढ चाचपली, दुसऱ्या हातात चिमटा घेतला, आणि अंगणात जीप थांबली.

घडलं होतं असं. तीन वर्षं निरंक आणि मग अकरा, सोळा, एकोणीस! निरोगी दातांच्या मुलखात ही काय साथ पसरली, याची चौकशी करायला वरच्या कचेरीतले साहेब स्वतः आले होते. ही चौकशी त्यांनी तीन वर्षांपूर्वी केली असती तर मी त्यांच्यावर पोवाडा रचला असता. आता आले, आणि पायरीवर पाय ठेवताच त्यांना दिसला तो बाक.

"हे काय? बाक उलटा का?"

माणसं उभी राहिली. रामराम, आदाब, नमस्कार, सगळं एकदम झालं.

"सरकारनं एवढी खुर्ची दिली, आणि तुम्ही तिच्याकडं पाठ करून बसता?" साहेबांचा आवाज चढला. "लोकांनी सरकारकडं पाठ फिरवली, असं दिसतं हे! फिरा! सगळे तिकडं फिरा. बघा, काय खुर्ची आहे!"

आमची माणसं कुणाचंही न ऐकणारी, पण साहेबाचं ऐकणारी. सगळे एकदम फिरले.

जैबुनबीच्या समोर रहमतभाई उभे. बावीस वर्षांचा पडदा, आणि मधे काही नाही. तिनं तोंड मिटलं. झटकन, जीव खाऊन मिटलं. आत डॉक्टरांचं बोट होतं.

डॉक्टरांची किंकाळी एसटी स्टँडपर्यंत ऐकू गेली.

पुढचं मोजकंच आहे. बोटाला चार टाके पडले, ते नीळकंठरावांनीच घातले. डॉक्टरांनी बदली मागितली आणि त्यांना ती पंधरा दिवसांत मिळाली. आमच्या अर्जांना जे पाय फुटले नाहीत ते त्यांच्या अर्जाला फुटले. साहेबांनी बाक सरळ करून घेतला, आणि पुन्हा असा प्रकार होऊ नये म्हणून कंत्राटदाराच्या त्याच माणसाला बोलावून बाकाचेही पाय सिमेंटात गाडून घेतले. महिन्याभरात चौकशीचा अहवाल आला. नीळकंठरावांनी वाचला :

"स्त्री रुग्णांच्या वाढीव संख्येचे कारण गैरसमज व गर्दीची हौस हे असावे. प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी एका स्त्री रुग्णाने दंतवैद्याच्या बोटास गंभीर चावा घेतला. त्यावरून येथील स्त्रियांच्या दातांच्या मजबुतीविषयीचा पूर्वीचा निष्कर्ष कायम ठेवण्यात येत आहे. नवीन दंतवैद्याची आवश्यकता नाही."

जैबुनबी फडकं हातात धरून ऐकत होती. बोलायला ज्या बाजूनं तोंड उघडतं, ती बाजू दुखत होती.

आता पासष्ट साल आहे. पहिला मंगळवार येतो, डॉक्टर येत नाहीत. तरी मागच्या मंगळवारी रहमतभाई आले होते, हातात मोठा पाना घेऊन. बाकाखाली वाकून बघितलं, पायांवर पाना ठोकून बघितला, आणि उठून नीळकंठरावांकडं तोंड करून उभे राहिले. पलीकडं जैबुनबी खुर्ची पुसत होती.

"नीळकंठभाऊ, त्यायले सांगा, त्या दिवशी म्या काही नाही पाह्यलं."

नीळकंठराव वळले. "जैबुनबी, ते म्हणतात..."

"ऐकू आलं. त्यायले सांगा, पाह्यलं नाही तं मंग हे पाना घेऊन कायले आले?"

रहमतभाईंनी पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "सांगा, बोल्ट असता तं म्या दोन मिनिटात खोलला असता. सिमेंटले पाना नाही चालत."

"अन् खोलून करतान काय म्हणा," ती म्हणाली. "डॉक्टर कुठी हाय?"

पाना खांद्यावर टाकून रहमतभाई पायऱ्या उतरू लागले. जैबुनबीनं खुर्चीच्या दोन्ही उशा झटकल्या, मग व्हरांड्यात येऊन बाक पुसायला लागली.

"नीळकंठभाऊ," ती पुसता पुसता म्हणाली, "बाजारात चालले असतीन तं त्यायले लवंग आणाले सांगा. मागची संपली."